बीटलचा पॅन (बॉडीखालचा पत्र्याचा तळ) कापायला टाकण्याआधी हे वाचा (बीटलवर स्पीडस्टर आणि माझा भंगारात गेलेला चासी नंबर)

‘सोमवारी पॅन कापायला टाकतोय, वेल्डिंग मिग की टिग एवढंच सांगा’ हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य काल लोकलमध्ये वाचलं आणि मुलुंडला उतरायचं विसरून ठाण्याला गेलो. आधी सोमवारचं रद्द करा. मग पुढचं वाचा.

तुमची योजना मला समजली ती अशी: साठच्या दशकातली बीटल मिळालीय, वरची बॉडी उतरवायची, तळाचा पॅन ३०० मिमी आखूड करायचा, त्यावर पोर्शेच्या जुन्या उघड्या स्पीडस्टरसारखी फायबरची बॉडी बसवायची आणि ‘पन्नास वर्षं उलटलीत, तेव्हा व्हिंटेजमध्ये नोंदवू’. शेवटचा भाग सोडला तर ही माझीच २०१६ ची योजना आहे. व्हिंटेजचा नियम तेव्हा यायचा होता.

मोह कळतो हो. पोर्शेची ३५६ मुळात फोक्सवॅगनच्याच भागांवर उभी राहिली. तिचीच १९५४ ची आवृत्ती स्पीडस्टर तर अमेरिकेतल्या मॅक्स हॉफमन नावाच्या आयातदाराच्या हट्टापायी निघालेली, ३००० डॉलरच्या आत बसवलेली स्वस्तातली गाडी. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी, स्पीडस्टरचा २१००. मधले ३०० काढले की झालं, असं कागदावर कुणालाही वाटतं. मलाही वाटलं.

जिग (तुकडे जागच्या जागी धरणारा सांगाडा) कशी बांधायची, कर्ण कसे मोजायचे, टनेलमधला (पॅनच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या पोकळ उंचवट्यातला) गिअर रॉड आधी बाहेर काढून तो वेगळा आखूड करायचा, क्लच-ॲक्सिलरेटरच्या नळ्या एका रेषेत कशा आणायच्या, हे सगळं तुम्हाला माहीत असणार, पोस्टवरून तसं दिसतंय. त्यावर वेळ घालवत नाही. मी पण ते सगळं बरोबर केलं होतं. माझं वाटोळं दुसरीकडे झालं.

बीटलचा चासी नंबर दोन ठिकाणी असतो. मागच्या सीटखाली, टनेलच्या पाठीवर ठोकलेला. आणि पुढच्या डिकीत, स्पेअर व्हीलच्या मागे प्लेटवर. मी सीटच्या चढाच्या पुढे खडूने दोन रेघा मारून दिल्या, म्हणजे नंबर मागच्या तुकड्यावर शाबूत राहील. ‘याच्या मागे जायचं नाही’ असं तोंडी सांगितलं आणि ऑफिसला गेलो. आमचे उस्ताद म्हणजे हाताला सोनं, ट्रकच्या चासी डोळे मिटून जोडणारे. पण मी दाखवलेल्या जागी त्यांना ग्राइंडर नीट घुसवता येईना, म्हणून त्यांनी कट मागे सरकवला. संध्याकाळी शेडवर पोचलो तर दोन्ही तुकडे टेबलावर क्लॅम्प केलेले, कडा घासून चकचकीत. उस्ताद खूश. ‘साहब, तीन सौ का तीन सौ, एक मिली इधर-उधर नहीं.’ खरंच नव्हता. मी टेप लावून बघितलं.

मग सीटखालची जागा बघितली.

मधला तुकडा कुठाय विचारलं. भंगारवाला दर शुक्रवारी यायचा, तो शुक्रवार होता. आणि डिकीतली प्लेट? ती जुन्या बॉडीवर. ती बॉडी आठवड्यापूर्वी मीच कुर्ल्याला साडेचार हजारांत विकली होती, शेडमध्ये जागा अडते म्हणून. शनिवारी भंगारवाल्याच्या गोदामात पत्र्यांच्या ढिगात दुपारपर्यंत उभा होतो. अंगठ्याला तीन टाके पडले, तुकडा मिळाला नाही. कुर्ल्यात बॉडीचे तोवर चार भाग होऊन चार दिशांना गेले होते.

पेन्सिल घासून टेपवर उचलतात ती चासी प्रिंट तरी असेल म्हणाल. गाडी नावावर करताना एजंटने काढली होती, फाइलला लागून गेली. माझ्याकडे तिची प्रत नाही. मोबाइलमध्ये त्या बीटलचे दोनशे फोटो आहेत, बोनेटवर मुलगी बसलेली, पावसात भिजलेली, नाक्यावर चहावाल्यासोबतची. सीटखालचा एकही नाही.

त्यानंतर सुरू झालं आरटीओ ऑफिस. नाव लिहीत नाही, अजून तिथे कामं पडतात. पण हे सांगतो की कापण्याआधी मी तिथे विचारायला गेलो होतो. खिडकीवरच्या माणसाने मानही वर न करता सांगितलं, ‘बॉडी चेंज ना? होतं ते. गाडी तयार झाली की घेऊन या.’ मी ते परवानगीसारखं धरलं. माझी खरी चूक ही. ग्राइंडर उस्तादांचा होता, पण तोंडी उत्तरावर विसंबून राहणारा मी होतो. बदलाची मंजुरी आधी आणि लेखी घ्यायची असते, बदलून झाल्यावर नाही.

गाडी अर्धवट जोडून, टेम्पोवर चढवून नेली. पहिल्या टेबलावर: ‘नंबर परत ठोकून मिळतो, आधी पाहणी होऊ दे.’ पाहणीला आलेले साहेब गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘आरसीवर सलून (म्हणजे बंद छपराची गाडी) लिहिलंय. ही ती गाडीच नाही.’ दुसऱ्या टेबलावर: बॉडी बांधणाऱ्याचं प्रमाणपत्र आणा. बांधणारा मीच आहे म्हटलं, तर तुमचं बॉडी बिल्डरचं लायसन्स आणा. तिसऱ्या टेबलावर: चोरीची नाही असा पोलिसांचा दाखला आणा. चौकीतले हवालदार भले माणूस. म्हणाले, ‘पत्रा असता ना, तर घासलेला नंबरसुद्धा कलिन्याच्या फॉरेन्सिकवाले ॲसिड लावून वर आणतात. तुमच्याकडे पत्राच नाही. काय पाठवू?’

चौदा महिने खेटे घातले. नकाराचा राग नाही मला. कायद्यात बसत नसेल तर नाही म्हणा, मी घरी जातो. पण ‘नाही’ कुणी म्हणेना. ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘साहेब ट्रेनिंगला’, ‘फाइल वर गेलीय’. वर म्हणजे कुठे, तर त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मी डोळ्यांनी बघितली. रजा संपल्या, घरात बोलणी खाल्ली, शेडचं भाडं चालूच. शेवटी फाइल हातात देताना तिथल्या एक बाई म्हणाल्या, ‘भाऊ, हे आधी विचारायचं ना.’ मी काही बोललो नाही. खाली येऊन दोन कटिंग प्यायलो.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: निर्मात्याने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येणार नाही. माझ्यापुरता विषय संपला. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम १८२ अ आलं. परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द दोनदा वाचा आणि स्पीडस्टरमध्ये किती फेरफार होतात ते मोजा. (मी वकील नाही. तुमच्यावेळी नियम आणखी बदलले असतील तर जाणकाराला दाखवून घ्या.)

आता तुमचा व्हिंटेजचा प्रश्न. जुलै २०२१ चा नियम पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी आहे, बरोबर. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. पॅन कापलात की तुम्ही बाहेर. हे मी टाइप करताना दात खातोय, कारण माझी ती साधी, गंजकी, अख्खी बीटल आज या नियमात बसली असती. मी तिचे तीनशे मिमी भंगारवाल्याला वजनावर दिले.

कुणीतरी तुम्हाला अलिबागच्या चिंकाराचं उदाहरण देईलच, मलाही दिलं होतं. कार्लेखिंडीत त्यांनी लोटस सेव्हन या ब्रिटिश गाडीच्या धर्तीची रोडस्टर बनवली, इसुझूचं १.८ इंजिन घालून. सुंदर गाडी. पण ती कंपनी, निर्माता म्हणून गाड्या बनवून विकणारी. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली निर्माता आपला नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेत तपासून घेतो, तो खर्च पुढच्या गाड्यांवर पसरतो. आपण एक माणूस, एक गाडी. मी पुण्याला जाऊन विचारून आलो, तिथल्यांनी निदान दहा मिनिटांत स्पष्ट सांगितलं. त्यांचे आभारच.

माझं मत विचाराल (नाही विचारलंत, तरी सांगतो) तर बीटलला हात लावू नका. ती मूळ रूपात उभी करा, नोंदवा, व्हिंटेज रॅलीला न्या. स्पीडस्टरची खाज असेलच तर वेगळी नळ्यांची फ्रेम बांधा, इंजिन-गिअरबॉक्स दुसरीकडून जमवा, आणि ही गाडी रस्त्यावर जाणार नाही हे पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवा. फ्लॅटबेडवर टाकून कोइम्बतूरच्या ट्रॅकवर न्या, नाहीतर शेडमध्ये ठेवून बघत बसा. मी बघत बसतो. खोटं नाही सांगत, मजा येते. पण बीटलचे कागद या गाडीला चिकटवायचा विचार मनातून काढा. ‘एजंट करून देतो’ म्हणणारा भेटेल. तो नंबर ठोकूनही देईल. त्या दिवसापासून तुम्ही हौशी माणूस राहत नाही, आरोपी होता. आणि अशा गाडीने उद्या कुणाला धडक बसली तर विमा कंपनी काय म्हणेल याची कल्पना करा.

इतकं सांगूनही कापणारच असाल तर निदान एवढं करा. नंबरची पेन्सिल प्रिंट चार प्रती, वर तारीख. नंबर आणि आजूबाजूचा पॅन एका फ्रेममध्ये येईल असे फोटो. डिकीतली प्लेट बॉडी विकण्याआधी सुरक्षित. कापताना तुम्ही स्वतः शेडमध्ये हजर, रजा टाका. आणि कापलेला प्रत्येक तुकडा घरी न्या, पलंगाखाली ठेवा, बायको ओरडली तरी.

राहिलेल्या दोन-चार गोष्टी, जशा आठवतील तशा. पेट्रोलची लाइन त्याच टनेलमधून जाते. टाकी रिकामी केली म्हणजे लाइन रिकामी झाली असं नाही. आमच्याकडे ग्राइंडरची पहिली ठिणगी पडायच्या आत उस्तादांनी लाइनमधून फुंकर मारली, आत राहिलेलं पेट्रोल बाहेर आलं. त्या माणसाला नुसत्या शिव्या घालून चालणार नाही, त्याने त्या दिवशी माझा जीवही वाचवला.

फायबरचं काम जून ते सप्टेंबर करू नका. मुंबईची दमट हवा फायबरच्या चटईत (काचेच्या धाग्यांच्या कापडात) शिरते आणि दिवाळीत रंगाखाली फोड येतात. मला हे उरणजवळच्या करंज्याला होड्यांचं फायबर करणाऱ्या एका कारागिराने शिकवलं. तो चटईचा रोल बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत ठेवायचा. माझ्या डाव्या दारातला फुगा त्यानेच फोडून परत भरला. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एक-दोन टक्केच, उन्हाळ्यात कमीकडे. आणि हार्डनर व कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच दुसरं.

पंपावर आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. बीटलची जुनी रबरी नळी त्याने चिरते, आणि इंजिन मागे, तापलेलं. नळ्या सगळ्या बदला, इथेनॉल चालणाऱ्याच घ्या. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात क्लिपा चांगल्या मिळतात, स्वस्तातल्या घेऊ नका. मागे स्विंग ॲक्सल असेल तर आखूड व्हीलबेसवर वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका, गाडीची मागची बाजू फिरते. पुढे डिस्क ब्रेक आधी, मोठं इंजिन नंतर. आणि बॉडी परदेशातून मागवणार असाल तर ‘सुटे भाग लिहू’ म्हणणाऱ्या एजंटवर जाऊ नका. कस्टम्सचं वर्गीकरण असं आहे की सुट्या, अपुऱ्या मालातही पूर्ण वस्तूचं मूळ स्वरूप दिसलं तर ती पूर्ण वस्तूच धरतात. न्हावा शेव्यात माल पडून राहिला की रोजचं भाडं चढतं. हे माझं नाही, मित्राचं दुखणं.

मिग की टिग विचारलं होतंत. मिग. दोन मिमीच्या आतल्या पत्र्याला, घामाच्या हाताने, आपल्या शेडमध्ये टिग परवडत नाही.

सोमवारचं रद्द केलंत का, तेवढं आज रात्रीच इथे लिहा. आणि सीटखाली टॉर्च मारून नंबर वाचता येतोय का तेही बघा, बऱ्याचदा तिथे जाड रंग बसलेला असतो. पॉलिश पेपर वापरू नका, थिनर आणि जुना बनियन पुरतो.