ज्येष्ठांची एक दिवसाची बस सहल: वेळ नेमका कुठे जातो

चाळीस निवृत्त मंडळी, एका बाजूने 150 किलोमीटर, तीन ठिकाणं, सकाळी 7 ला निघून संध्याकाळी 7 ला परत. हा बेत जमेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. अंतर खूप आहे म्हणून नव्हे, तर चढउतार आणि स्वच्छतागृहं यांचा वेळ तुम्ही धरलेलाच नाही म्हणून.

हिशोब मांडू. मोठी बस मिश्र रस्त्यावर सरासरी ताशी 50 ने गेली तरी जाऊन-येऊन 6 तास. जाताना एक आणि येताना एक थांबा, अर्ध्या अर्ध्या तासाचा, म्हणजे 1 तास. चाळीस ज्येष्ठांना उतरायला 15 मिनिटं आणि पुन्हा चढून बसायला 20 मिनिटं, असं तीन ठिकाणी पावणेदोन तास. जेवणाला दीड. झाले सव्वादहा तास. उरलेल्या पावणेदोन तासांत तीन ठिकाणं बघायची, म्हणजे प्रत्येकी 35 मिनिटं. त्यातही गुडघे धरून चालणारा माणूस फाटकाशी पोचेपर्यंत पुढची मंडळी परत फिरलेली असतात. म्हणून अंतर 80-100 किलोमीटरवर आणा आणि एकच मुख्य ठिकाण ठेवा. दुसरं हवंच असेल तर ते वाटेवरचं, सपाट आणि गाळता येण्याजोगं असावं.

थांबा ठरवताना हॉटेल किती छान आहे ते नंतर बघा, आधी टॉयलेट किती आहेत ते विचारा. 24 बायका आणि 3 टॉयलेट, प्रत्येकीला 4 मिनिटं, म्हणजे 32 मिनिटं गेलीच. दोनच असतील तर पाऊण तासाच्या वर. बसायचं कमोड आणि उठताना धरायला दांडी आहे का, तेही फोनवरच विचारून घ्या. दर दीड तासाला थांबा हवाच आणि तो निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगून ठेवा. पुढचा थांबा कधी हे माहीत नसलं की लोक पाणी पिणंच सोडतात आणि दुपारी चक्कर येते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवशी गोळीची वेळ बदलायची का, हे आधीच डॉक्टरांना विचारावं. परस्पर गोळी टाळू नये.

बस ठरवताना एसी आणि पडदे सगळेच विचारतात. तुम्ही पहिल्या पायरीची जमिनीपासूनची उंची विचारा, जमलं तर स्वतः जाऊन चढून बघा. पोटात सामानाची जागा असलेल्या उंच बसला चार-पाच अरुंद पायऱ्या असतात. साधारण 15-20 सेंटीमीटर उंचीचं, रुंद बुडाचं, पायांना रबर असलेलं स्टूल बरोबर ठेवा. ते वापरताना एकाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने उतरणाऱ्याजवळ उभं राहायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी; काठी दुखऱ्या पायाबरोबर. उतरणाऱ्याला दंडाला धरून ओढू नका, तोल त्यानेच जातो. त्याला दांडी धरू द्या, तुम्ही हात फक्त जवळ ठेवा. आणि ड्रायव्हरला सांगा, दार गटाराच्या किंवा उताराच्या बाजूला येईल अशी बस लावू नकोस.

पुढच्या सीटवरून हमखास रुसवेफुगवे होतात, म्हणून यादी आधीच करा आणि कारण लिहून करा. गुडघे किंवा काठीवाले दाराजवळ. बस लागणारे पुढे किंवा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, समोरचा रस्ता दिसेल असे. मागच्या चाकांच्या मागे सर्वांत जास्त हिसके बसतात, तिथे ठणठणीत माणसं बसवा. बस लागू नये म्हणून घेतात त्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. तेव्हा ‘माझ्याकडची घ्या’ म्हणत गोळ्या वाटणाऱ्या उत्साही सदस्याला आवरा. 40 जणांना 45 सीटची बस घ्या. कुणाला आडवं व्हावं लागलं तर त्या पाच सीट कामी येतात.

जेवणाची वेळ पाळा, मधुमेहींसाठी ते फार महत्त्वाचं आहे. उशीर झालाच तर चटकन खाता येईल असं गोड काहीतरी संयोजकाच्या हातात हवं, डिकीत नव्हे. औषधंही हातातल्या पिशवीतच; इन्सुलिन तापलेल्या डिकीत खराब होतं. जेवल्यावर लगेच पायऱ्या किंवा चढ नको. वय झालं की जेवणानंतर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. बराच वेळ बसून एकदम उठल्यावरही तेच होतं, म्हणून बस पूर्ण थांबल्यावर आधी पाय हलवायचे, उभं राहिल्यावर सीट धरून क्षणभर थांबायचं आणि मग चालायचं.

मोजणी. ‘कोण राहिलंय?’ असं ओरडून काही होत नाही, राहिलेला माणूस उत्तर द्यायला बसमध्ये नसतो. जोड्या लावा, प्रत्येकाने आपला जोडीदार बघायचा. शिवाय दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकाने पुढून आणि एकाने मागून. आकडे जुळल्याशिवाय बस हलवायची नाही. प्रत्येकाच्या खिशात कार्ड असू द्या: नाव, आजार, चालू औषधं, घरचा फोन, संयोजकाचा फोन आणि बसचा नंबर. वाहनतळावर एकसारख्या दहा बस उभ्या असल्या की नंबरच उपयोगी पडतो. दर 12-15 जणांमागे एक धडधाकट मदतनीस हवा आणि त्यातला एक कायम सगळ्यांच्या मागे. त्याला पुढचं काही बघायला मिळत नाही, तेव्हा दुपारी त्याची बदली करा.

परतीची वेळ अंधाराआधीची ठेवा. मोतीबिंदू असलेल्यांना समोरच्या दिव्यांनी पायरी दिसत नाही आणि दिवसभराच्या थकव्याने पाय नीट उचलला जात नाही. शेवटच्या थांब्यावर कोण कुणाबरोबर घरी जाणार, ते सकाळच्या यादीतच लिहून घ्या. बस सोडण्यापूर्वी सीटखाली आणि जाळीच्या खिशांत हात घालून बघा: चष्मे, कवळ्या, कानातली यंत्रं आणि औषधांच्या डब्या तिथेच राहतात.