कॅनडात फ्रेझर नदीवर गाइड घेऊन सॅल्मन आणि स्टर्जन धरायला जावं का? आईला नेता येईल का?

तुम्ही आधी खर्चाचं विचारलंय, मग मोसमाचं, आणि अगदी शेवटी कंसात टाकलंय: ‘आई त्रेसष्टची आहे, तिला बोट झेपेल का, की ती घरी बाळाजवळ थांबलेली बरी?’ मी त्या कंसाचं उत्तर द्यायला बसलेय. बाकीचं जाता जाता.

मी नाशिकरोडची, माहेर सायखेड्याकडचं. वडील भोई. फाटलेलं जाळं सांधायचं, मरळीच्या गळाला जिवंत बेडकी लावायची, वाम हातातून सटकू नये म्हणून आधी हाताला राख फासायची, हे सगळं मला पाटी हातात यायच्या आधीपासून येतं. पण होडी पाण्यात घातली की त्यात भाऊ. मी काठावर टोपली घेऊन. लग्नानंतर गंगापूर धरणावर सहलीला गेलो तरी तेच. दीर गळ टाकून बसणार आणि वहिनींनी भेळ कालवायची.

मुलगा कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या सरीला असतो. नातवाच्या वेळी आम्ही गेलो, तेव्हाच सूनबाईचे आईवडीलही आले होते. व्याही मालवणचे. माणूस लाखाचा, पण माशाचा विषय निघाला की नाशिकच्या माणसाला बोलायचा अधिकारच नाही असं त्यांचं ठाम मत. ‘धरणातली चिलापी खाणाऱ्यांनी माशावर बोलू नये, विहीणबाई.’ हे मी बारशापर्यंत ऐकून घेतलं.

मुलाने चिलिवॅककडच्या एका गाइडची बोट ठरवली. पुरुष तिघं जाणार. मला म्हणाला, आई, तू बाळाजवळ थांब, तुला थंडी सोसत नाही. सूनबाई काही बोलली नाही. रात्री मोबाइलवर माझ्या नावाचं मासे धरायचं लायसन्स काढून तिने प्रिंट फ्रीजवर लावली. सकाळी मुलाने ती वाचली आणि मुकाट्याने माझ्यासाठी जादा जाकीट घेतलं.

आता नदीचं. आम्ही गेलो तेव्हा सॅल्मन ठेवायला बंदी होती. हे तिथे नेहमीचं आहे. किती मासे वर चढताहेत ते बघून त्यांचं मत्स्य खातं मोसमाच्या मध्येच नियम बदलतं, त्यामुळे ‘सॅल्मन नक्की मिळेल ना?’ असं कुठल्या गाइडला विचारू नका. आपल्याकडे पहिल्या पावसात मासे वलगणीला चढतात तसे हे समुद्रातून नदीत शिरतात, अंडी घालतात आणि तिथेच मरतात. पिंक सॅल्मन फ्रेझरमध्ये विषम वर्षांतच दिसतो. सॉकाय जातीच्या सॅल्मनचं मोठं पीक दर चौथ्या वर्षी, म्हणजे 2018, 2022 असं. कोहो जातीच्या सॅल्मनचा पाठीवरचा, शेपटीजवळचा बारका पर कापलेला असेल तर तो हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढलेला; ठेवायला परवानगी असते तेव्हा तोच ठेवायचा. पर शाबूत असला की तो रानचा, सोडायचा. हे ऐकून व्याही जे गप्प झाले ते स्टर्जन लागेपर्यंत.

स्टर्जनचं आमिष म्हणजे बायकांच्या नायलॉनच्या पायमोज्याच्या तुकड्यात बांधलेली सॅल्मनची अंडी. गाइड पोरगा भराभर पुरचुंड्या बांधत होता. मी एक बांधून दाखवली तर त्याने उरलेली बरणी माझ्याकडे सरकवली. गळाच्या टोकाला उलटा काटा नसतो, तसा नियमच आहे. जड शिसं लावून गळ तळाला सोडायचा, रॉड खाचेत उभा करायचा आणि त्याच्या टोकाकडे बघत बसायचं. एवढा दांडगा मासा, पण टोक नुसतं टुकटुक हलतं. चिमणी दाणे टिपतेय म्हणा. व्याह्यांना ते वाऱ्याने हलतंय असं वाटलं. मी म्हटलं, अहो, चावतोय. गाइड ओरडला, आणि पाळी व्याह्यांची असल्यामुळे रॉड त्यांनी उचलला.

इथून पुढे आमच्या दोन घरांत आजही दोन वेगळ्या कथा चालतात. माझी ऐका. गाइडने नांगराचा दोर बोया लावून तिथेच सोडला आणि बोट माशामागे वाहू दिली. तो सांगत होता, ओढतोय तेव्हा ओढू द्या, थांबला की गुंडाळा. व्याह्यांनी समुद्रातली सवय म्हणून सगळा जोर सुरुवातीलाच घातला. मासा एकदा अख्खा पाण्याबाहेर उडाला, आणि थोड्या वेळात त्यांचे दंड भरून आले. मुलगा बाळाच्या आईला व्हिडिओ कॉल दाखवण्यात गुंग. रॉड माझ्याकडे आला. मासा जाईल तिकडे मी जाऊ दिलं, थांबला की रीळ फिरवलं, कमरेला टेकू लावून. त्याला किनाऱ्याच्या उथळ पाण्यात आणेपर्यंत रॉड माझ्याच हातात होता.

तिथे दीड मीटरपेक्षा मोठा स्टर्जन पाण्याबाहेर काढायचा नाही असा नियम आहे. म्हणून छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून आपणच पाण्यात उतरायचं. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या ढालींच्या पाच रांगा, कातडी सहाणेसारखी खरखरीत. तोंड पोटाच्या बाजूला, त्याच्यापुढे चार मिशा, दात एकही नाही. मी ओठाला बोट लावलं तर ते तोंड नळीसारखं बाहेर आलं आणि बोट ओढायला लागलं. शंभरी ओलांडणारा हा मासा, उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला सगळ्यांत मोठा. गाइडने यंत्र फिरवलं तर कातडीखाली आधीच कुणी बसवलेली ओळखीची चिप निघाली. त्याने नंबर टिपला, लांबी-घेर मोजला आणि सोडून दिला.

व्याह्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते मालवणीत: ‘सोडूचो तर पकडूचो कित्याक?’ दुसरं, ह्याच्या गाबोळीचंच ते कॅव्हिअर ना? हो, त्याचंच. गेल्याच्या आधीच्या शतकाच्या शेवटी मांसासाठी आणि त्या गाबोळीसाठी फ्रेझरमधले स्टर्जन एवढे मारले की ते सावरायला पिढ्या गेल्या. मादी वयात यायलाच दीड-दोन दशकं किंवा जास्त घेते आणि दरवर्षी अंडी घालत नाही. 1994 पासून तिथे एकही स्टर्जन घरी न्यायची परवानगी नाही. आणि सोडण्यात एवढं नवल काय? आपल्या त्र्यंबकजवळून निघणारी वैतरणा खाली तिळशाला जाते, तिथल्या देवळापाशी माणसं माशांना खाऊ घालतात, हात कुणी लावत नाही. पैसे कशाचे, असंही व्याही घरी येईपर्यंत विचारत होते. पैसे बोटीचे आणि नदी ओळखण्याचे. एवढ्या गढूळ पाण्यात मासा कुठल्या खड्ड्यात बसलाय हे मालवणच्या माणसालाही कळलं नसतं.

मालवणात आता फ्रेममध्ये फोटो आहे. डोकं व्याह्यांच्या हातात, शेपटीकडे मी, अर्धी कापलेली. सगळ्यांना सांगतात, मी धरला. बरं, गळ त्यांनी उचलला हे खरं. पण चावा कुणी ओळखला आणि काठाला कुणी आणला? मुलगा म्हणतो, दोघांचा म्हणा आणि संपवा. मी म्हणत नाही.

तर, खर्च. बहुतेक गाइड बोटीमागे भाव सांगतात, माणशी नाही, म्हणून चौघं असाल तर परवडतं. टिप वेगळी धरा. मासे घरी आणायचे म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, सरीच्या दुकानातून आणा, स्वस्त पडतील. सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. उन्हाळ्यात अंडी घालायच्या काही जागा बंद असतात, तारखा गाइडला विचारा.

आईला न्या. गुडघे दुखत असतील तर गाळात उतरायच्या जागी त्रास होतो, हात धरायला कुणीतरी हवं. बोटीत शौचालय आहे का ते आधीच विचारा. पुरुष हे हमखास विसरतात आणि बाई दिवसभर पाणी पीत नाही. रक्तदाब वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारून न्या, हे मी आधी लिहायला हवं होतं. जो रॉड हातात धरणार त्याच्या नावाचं लायसन्स लागतं, स्टर्जनसाठी त्यावर वेगळं शुल्क, आणि मिशन गावाच्या रेल्वे पुलापासून खाली समुद्राच्या भरतीची हद्द सुरू होते, तिथलं लायसन्स निराळं. बोट पुलाच्या कुठल्या बाजूला जाणार ते विचारून आईच्या नावाने काढा, बुकिंगच्या दिवशीच. आणि फोटो काढायला तिसऱ्याच कुणालातरी सांगा.