सेकिरो ठेवावा की परत करावा? लढाईबद्दल थोडं सविस्तर

मूळ प्रश्न थोडक्यात असा: बॅटमनच्या गेमची अर्कम मालिका आणि २०१८ चा गॉड ऑफ वॉर संपवून सेलमध्ये सेकिरो हा तलवारबाजीचा गेम घेतला. साखळदंडांनी बांधलेल्या त्या दांडग्या राक्षसापाशी, म्हणजे चेन्ड ओग्रपाशी, वीसेक वेळा मरून झालं. लोक याच्या कॉम्बॅटला डोक्यावर घेतात ते खरंच चांगलं आहे म्हणून, की नुसतं अवघड आहे म्हणून? स्टीमवर, म्हणजे जिथून घेतला त्या ऑनलाइन दुकानात, परत करू का?

आधी परताव्याचं, कारण त्याला मुदत असते. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तरच स्टीम सहसा पैसे परत देतं. वीस वेळा मरेपर्यंत ते २ तास बहुधा उलटून गेले असतील. लायब्ररीत तास बघा आणि मग पुढचं वाचा.

आता मुद्द्याचं. ओग्रवरून सेकिरोच्या लढाईची परीक्षा करू नका. हा गेम ज्यासाठी नावाजला जातो ते ओग्रच्या लढाईत जवळजवळ नाहीच. सेकिरो म्हणजे तलवारीला तलवार भिडवण्याचा खेळ. ओग्र लाथा घालतो, अंगावर उडी टाकतो आणि धरून आपटतो. त्याची पकड अडवता येत नाही आणि बाकीचे मार नुसते ब्लॉक केले तर तोल ढासळतो. तिथे पळणं, बाजूला सरकणं आणि आग हाच उपाय. शिकवायचं एक आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा, असा हा प्रकार आहे, आणि हा दोष गेमचाच आहे. ओग्रच्या आधी नाओमोरी कावाराडा नावाचा सेनापती लागतो. खरी ओळखपरेड तिथे होते. त्याला तुम्ही कसं मारलंत, मागे पळत पळत की समोर उभं राहून, यावर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ठरतं.

समोर उभं राहून म्हणजे काय ते सांगतो. इथे प्रत्येकाला दोन मापं असतात, जीव आणि तोल (गेममध्ये त्याला पोश्चर म्हणतात). तोल ढळेल तशी त्याची पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की लाल ठिपका दिसतो, आणि जीव कितीही शिल्लक असो, एका घावात काम तमाम. बॉसला, म्हणजे मोठ्या शत्रूला, असे दोन-तीन घाव लागतात. शत्रूचा वार येत असताना ऐन वेळी एल-वन (कंट्रोलरच्या डाव्या खांद्याचं बटन) दाबलं की डिफ्लेक्ट होतो, म्हणजे वार परतवला जातो: खणकन आवाज, नारिंगी ठिणग्या, आणि तोल त्याचा ढळतो. जरा लवकर दाबून धरलं तर साधा ब्लॉक होतो. आवाज बोदा येतो आणि तोल तुमचा ढळतो. उशीर झाला तर मार बसतो. म्हणून पहिला नियम असा की दाबायचंच तर किंचित लवकर दाबा आणि वार येईपर्यंत धरून ठेवा. चूक झाली तरी ब्लॉक पदरात पडतो.

दुसरा नियम बहुतेकांना उशिरा कळतो. घाबरून एल-वन टकटक दाबत राहिलात तर डिफ्लेक्टची वेळ दर दाबण्यागणिक आखडत जाते. क्षणभर बोट उचललं की पूर्ववत होते. म्हणजे धांदल करणाऱ्याला गेम मुद्दाम शिक्षा करतो, पण हे कुठेही धड सांगत नाही.

तिसरा नियम तोल सावरण्याचा. शत्रूचा जीव भरलेला असेल तर त्याचा तोल भराभर सावरतो, जीव कमी झाला की सावरणं मंदावतं. तेव्हा सुरुवातीला शत्रूच्या अंगावर दोन-चार वार करा, त्याचा जीव थोडा उतरवा, आणि मग डिफ्लेक्टचा मारा लावा. तुमच्या बाबतीतही हाच हिशेब. शिवाय तलवार आडवी धरून उभं राहिलं की आपला तोल लवकर सावरतो. पट्टी भरत आली की लोक पळतात आणि एल-वन सोडतात. पळा, पण एल-वन धरूनच मागे या. आणि एक सूट आहे: डिफ्लेक्ट अचूक बसत असेल तर पट्टी काठोकाठ भरली तरी तुमचा तोल मोडत नाही. मोडतो तो ब्लॉकवर.

यातून जो ठेका तयार होतो तीच सेकिरोची करामत. तुम्ही आर-वनने (उजव्या खांद्याच्या बटनाने) वार करता, शत्रू एक-दोन ब्लॉक करतो, आणि अचानक तुमचाच वार खणकन परततो. तो आवाज म्हणजे पाळी बदलल्याची खूण: आता तो मारणार, आर-वन सोडा, एल-वनवर या. एवढं कानात बसलं की निम्मे समुराई डोळे मिटून हरवता येतात (अक्षरशः नव्हे, हातचं राखून वाचा). बहुतेक ॲक्शन गेममध्ये बचाव म्हणजे हल्ल्यांमधली विश्रांती असते. इथे बचाव हाच हल्ला आहे, त्यामुळे लढाईत रिकामी जागा राहत नाही.

मग लाल अक्षर. शत्रूच्या डोक्यावर 'धोका' अर्थाचं जपानी अक्षर चमकलं की येणारा वार साध्या ब्लॉकने थांबत नाही. तो तीन प्रकारचा असतो. भोसकणं आलं तर मिकिरी काउंटर: शत्रूच्या दिशेने डॉज (झटकन सरकणं), म्हणजे पाय तलवारीवर पडतो. खालून झाडू मारल्यासारखा वार आला तर उडी, आणि हवेतच पुन्हा उडीचं बटन, म्हणजे त्याच्या डोक्यावर लाथ. पकड आली तर लांब व्हायचं. गंमत म्हणजे अक्षर तिन्हींना एकच. आशिना किल्ल्यावरचा बॉस गेनिचिरो बघा. तो उडी घेऊन वरून वार घालतो, जमिनीला पाय लागले की अक्षर चमकतं, आणि पुढे भोसकणं येईल की झाडू हे नक्की नसतं. पातं मागे खेचलं तर भोसकणं, अंग खाली झुकवून पातं आडवं नेलं तर झाडू. भोसकताना उडी मारलीत तर हवेतच टोचले जाता, झाडूवर मिकिरी केलात तर पाय कापले जातात. अक्षर फक्त सावध करतं, उत्तर अंगावरून वाचायचं. अर्कममध्ये डोक्यावर खूण आली की काउंटरचं एकच बटन असतं. त्या सवयीने इथे आलेला माणूस नेमका इथेच मार खातो. आणि मिकिरी हे कौशल्य पॉइंट खर्चून घ्यावं लागतं, ही मला डिझाइनमधली सरळ चूक वाटते. ज्यावाचून पुढे पान हलत नाही ते पहिल्या दिवसापासून हातात हवं होतं. घेतलं नसेल तर पहिला पॉइंट तिथेच घाला.

दोषांचं मूळही याच गुणात आहे. गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने आणि दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी एकच तलवार, एकच पद्धत ठेवली आणि ती घासूनपुसून लखलखीत केली. पण ती पद्धत तुमच्या हाताला जमत नसेल तर दुसरा रस्ता नाही. त्यांच्याच डार्क सोल्स या गेममध्ये जड ढाल घ्या, जादू घ्या, मित्राला बोलवा, लेव्हल वाढवून या. इथे यातलं काही नाही. वाराची ताकद मुख्यतः मोठे बॉस हरवून मिळणाऱ्या स्मृतींनी वाढते, जीव आणि तोल वाढतो तो ४ जपमणी जमले की. किरकोळ सैनिक मारून तासन्‌तास तयारी करण्याचा फारसा उपयोग नाही. सोपं-अवघड निवडायची सोय मुळातच नाही.

नायकाच्या कृत्रिम हातात बसवायची हत्यारं हा रस्ता थोडा रुंद करतात, पण ती चिन्हांवर (स्पिरिट एम्ब्लेम) चालतात. सुरुवातीला एका वेळी १५ च बाळगता येतात, आणि साठा संपला की विकत घ्या किंवा सैनिक मारून गोळा करा. गेम जसा पुढे जातो तसा विकतचा भावही चढतो. म्हणजे बॉसपाशी अडकलेल्या माणसाला, ज्याला हत्यारांची सर्वात जास्त गरज, त्याचाच खिसा रिकामा होतो. मेल्यावर अर्धी नाणी आणि पुढच्या पॉइंटसाठी जमलेला अर्धा अनुभव जातो, हे वेगळंच. नाण्यांवर उपाय आहे: फेरीवाल्यांकडे नाण्यांच्या थैल्या मिळतात. आतल्या रकमेपेक्षा किंचित महाग पडतात, पण मेल्यावर थैली जात नाही. बॉसकडे जाण्याआधी सुटे पैसे थैलीत घाला. पूर्ण झालेला पॉइंटही कधी जात नाही.

गर्दीच्या लढाया हा सर्वात मोठा दोष. सगळी रचना एकास एक द्वंद्वाची, आणि लॉक-ऑन केलं (कॅमेरा एकाच शत्रूवर रोखला) की पाठीमागचा भालेवाला दिसत नाही. हिराता वाड्यातला दारुडा जुझो टोळी घेऊन उभा असतो. तिथे आधी टोळी एकेक करून चोरून मारा, मग जुझो. कोपऱ्यात सापडलात तर कॅमेरा भिंतीला घासतो आणि लॉक सुटतो, म्हणून पाठ नेहमी मोकळ्या जागेकडे ठेवा. एकच मिनी-बॉस वेगळ्या जागी पुन्हा आणून उभा करण्याची खोडही आहे. दारुडा परत येतो, ओग्रसुद्धा परत येतो. शेवटाकडचा द्वेषाचा राक्षस (डेमन ऑफ हेट्रेड) तर ओग्रचाच थोरला भाऊ. शिकलेलं बरंचसं बाजूला ठेवा आणि पळत राहा. ड्रॅगनरॉट रोगाची भीती मात्र मनातून काढा. तुमच्या मरण्याने लोक खोकायला लागतात, काहींची उपकथानकं अडतात, पण त्यापायी कुणी मरत नाही, आणि औषध मिळतं.

दुसरं टोक बघायचं तर त्याच महिन्यात, मार्च २०१९ मध्ये, आलेला डेव्हिल मे क्राय ५. तिथे जगायचं कसं हा प्रश्नच नाही, मारायचं किती झोकात हा आहे. डी पासून ट्रिपल एस पर्यंत गुण मिळतात, त्यातल्या दांते या नायकाकडे चालू लढाईत बदलता येणाऱ्या चार शैली आहेत. तुमच्या कल्पनेला वाव तिथे कितीतरी जास्त. पण गेम तुमच्याकडून काही मागत नाही. तीनच कॉम्बो फिरवून संपवणाऱ्यालाही तो संपवू देतो, आणि मग 'बटनं बडवायचा गेम' म्हणून नाव ठेवलं जातं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम (२०२०) इथे आठवतो. देखणेपणात तो कुठे कमी नाही, पण कॅमेरा लांब आणि मार लागल्याची जाणीव हलकी, त्यामुळे त्रिशूळ फिरतं पण हाताला काही पोचत नाही. सेकिरोतला तो खणकन आवाज किती काम करतो ते अशा तुलनेत कळतं.

डिफ्लेक्ट सारखा उशिरा बसत असेल तर दोष बोटांचा नसूही शकतो. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर चित्रच मागे पडून येतं. पीसीवर गेम सेकंदाला ६० फ्रेमला (चित्रांना) अडवलेला आहे. जीटीएक्स ९७० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम ही शिफारस आहे. तुमचा लॅपटॉप ६० टिकवत नसेल तर सावल्या आणि इफेक्ट्स उतरवा, रिझोल्यूशनही उतरवा. ३५ ते ५५ मध्ये झुलणाऱ्या फ्रेमपेक्षा अंधुक पण स्थिर ६० केव्हाही बरे. आणि कीबोर्डवर असाल तर कंट्रोलर उसना आणा.

आता ओग्र. त्याच्या आधीच्या भागात एका घरात म्हातारी भेटते, ती छोटी घंटा देते. जीर्ण मंदिरात बुद्धाच्या मूर्तीला ती अर्पण केली की हिराता वाडा उघडतो. तिथे सुरुवातीच्याच वाटेवर शेकोटीपाशी आगीच्या हत्याराचा सुटा भाग मिळतो. तो मंदिरातल्या शिल्पकाराला द्या, म्हणजे हत्यार हातात बसेल. लाल डोळ्यांचे शत्रू आगीला घाबरतात, ओग्रही त्यातलाच. परत येऊन आधी त्याच्या भोवतालचे सैनिक संपवा, लांब पळून त्याला तुमचा विसर पडू द्या आणि वरून उडी टाकून पहिला घाव फुकट वसूल करा. मग तेलाचं मडकं फेकून लगेच आग: तो पेटून डगमगतो, तेवढ्यात चार-पाच वार. पकडीचा पवित्रा दिसला की मागे नाही, बाजूला व्हा. त्याचे हात भलतेच लांब पोचतात.

तो मेला की मंदिराबाहेर उभ्या असलेल्या हानबेईकडे जा. तो मरत नाही, म्हणून सराव देतो. डिफ्लेक्ट, मिकिरी, झाडूवरची उडी या तिन्हींचा मिळून तासभर घाला. मग किल्ल्याच्या वाटेवर ग्योबू नावाचा घोडेस्वार येईल, त्याच्या घोड्याला फटाके सोसत नाहीत. फटाके 'क्रोज बेड'च्या फेरीवाल्याकडे ५०० नाण्यांना मिळतात. आणि पुढे गेनिचिरोपाशी पुन्हा वीस वेळा मराल तेव्हा एवढंच बघा: विसाव्या वेळी त्याचे वार पहिल्यापेक्षा जास्त वेळा खणकन परतवत होतात का. परतवत असाल तर गेम तुमचा आहे. परतवत नसाल आणि हात नुसता दुखत असेल, तर डेव्हिल मे क्राय घ्या. त्यात कमीपणा काही नाही.