‘अबट’ (abut) या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय आणि ते कसे वापरतात?

‘अबट’ म्हणजे एखाद्या वस्तूला, विशेषतः जमिनीला किंवा इमारतीला, लागून असणे, भिडणे. ‘अ‍ॅडजेसंट’ या विशेषणात नुसती जवळीक चालते, मध्ये थोडी मोकळी जागा असली तरी बिघडत नाही; ‘अबट’मध्ये मात्र दोन्हींच्या कडा एकमेकींना टेकलेल्या असाव्या लागतात, आणि माझ्या मते हा फरक मनात पक्का बसला की शब्द सहसा चुकत नाही. ‘द गार्डन अबट्स द रोड’ म्हणजे बागेची हद्द थेट रस्त्याला भिडली आहे. कर्म थेट न जोडता ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ हे शब्दयोगी अव्ययही वापरता येते: ‘द शेड अबट्स अगेन्स्ट द वॉल’, म्हणजे शेड भिंतीला टेकून उभी आहे.

हा शब्द जुन्या फ्रेंचमधून, टोकाला टोक जोडणे या कल्पनेतून आला. पुलाच्या टोकाशी त्याचा भार पेलणाऱ्या बांधकामाला ‘अबटमेंट’ म्हणतात, तेही याच क्रियापदावरून. उच्चारात भर शब्दाच्या दुसऱ्या भागावर, म्हणजे ‘बट’वर द्यावा, आणि भूतकाळी रूप लिहिताना शेवटचा ‘टी’ दुप्पट करण्यास विसरू नये. माणसे शेजारी बसली असतील, तर तेथे हे क्रियापद शोभत नाही.