मैत्रिणीकडे अडकलेले पैसे आणि तिच्या मुलीचा आहेर

प्रश्न : दोन वर्षे आठ महिन्यांपूर्वी कार्यालयातील एका मैत्रिणीला तिच्या मुलीचे महाविद्यालयाचे शुल्क भरण्यासाठी मी ४०,००० रुपये हातउसने दिले. रक्कम थेट तिच्या खात्यावर पाठवली होती. परतीची तारीख ठरली नाही, कारण ‘सावकाश दे, घाई नाही’ असे मीच म्हणाले होते. त्यानंतर ती केरळला सहलीला जाऊन आली, दोन पैठण्या झाल्या, पण पैशांचा विषय तिने काढला नाही. आता त्याच मुलीचे पुढच्या महिन्यात लग्न आहे. आम्हा दहा जणींची दरमहा ५,००० रुपयांची भिशी आहे, तिचे पैसे माझ्याकडे जमा होतात आणि लग्नानंतर लगेच तिचाच नंबर आहे. त्यातून माझे पैसे कापून घेऊ का? की आहेरात वळते करू? तोंडाने मागायची भीड वाटते. भिशीतल्या दोघींजवळ मात्र मी हे बोलले आहे.
— एक वाचक, डोंबिवली

प्रिय भगिनी,

सस्नेह नमस्कार. तुम्ही सुचवलेल्या दोन्ही वाटा मैत्रिणीशी बोलणे टाळण्याच्या आहेत, म्हणून आधी त्यांचा विचार करू.

भिशीचे ५०,००० रुपये तुमच्या हाती येतात ते दहा जणींचा विश्वास म्हणून. ज्या महिन्यात जिचा नंबर, त्या महिन्यात ती रक्कम तिची असते, आणि हिशेब सांभाळणाऱ्या बाईने स्वतःची जुनी येणी त्यातून परस्पर वसूल केली, तर उरलेल्या आठ जणींच्या मनात पहिला प्रश्न तुमच्याविषयी उभा राहील. तुमची बाजू खरी असूनही तुम्ही दोषी ठराल. मैत्रिणीने आपण होऊन ‘यातूनच घे’ असे सांगितले, तर गोष्ट वेगळी.

आहेराचे तर त्याहून अवघड आहे. कार्यालयाच्या दाराशी किंवा स्टेजच्या कडेला एखादा मामा वही घेऊन बसतो आणि पाकिटावरचे नाव व आतली रक्कम टिपून घेतो, कारण पुढे कधीतरी तो आहेर फेडायचा असतो. तुमच्या मनात वळते केलेले ४०,००० त्या वहीत कुठेही दिसणार नाहीत; तिथे दिसेल ते एवढेच, की आईची जवळची मैत्रीण रिकाम्या हाताने जेवून गेली. शिवाय आहेर त्या मुलीला आहे आणि व्यवहार तिच्या आईशी आहे. तेव्हा अशा घरच्या लग्नात एरवी जेवढा आहेर केला असता, तेवढाच करावा. ‘आहेर आणू नये’ असे पत्रिकेत छापले असेल, तर तो प्रश्नही मिटला.

आता त्या एका वाक्याकडे येते. ‘सावकाश दे, घाई नाही’ हे आपण सौजन्याने म्हणतो, पण ऐकणाऱ्याने ते शब्दशः घेतले तर त्याला चूक कसे म्हणावे? हिला पैशांची निकड नाही, अशी तुमच्या मैत्रिणीची प्रामाणिक समजूत असणे अगदी शक्य आहे. स्वतःहून विषय काढणे हे ऋणकोचे कर्तव्य होते आणि त्यात ती चुकली, हे मी नाकारत नाही. मात्र तिच्या पैठण्या मोजण्याचा अधिकार त्या ४०,००० रुपयांबरोबर तुम्हाला मिळालेला नाही. पैसे मागण्याचा अधिकार तेवढा मिळाला होता, आणि तोच तुम्ही वापरला नाही. दोन मैत्रिणींजवळ बोललात, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते, कारण जिला ठाऊक असायला हवे ती सोडून बाकीच्यांना ठाऊक आहे. त्या दोघींना ‘हे आमच्या दोघींतच राहू द्या’ असे आजच सांगावे, आणि त्यांच्यापैकी कुणालाही मध्यस्थ करू नये.

मागावे कसे, तर स्पष्ट आणि एकांतात. ‘हल्ली खर्च फार वाढलाय बाई’ असली प्रस्तावना म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणे. डबा खाताना चार जणींत नको, भिशीच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच नको. संध्याकाळी फोन करून असे म्हणता येईल : ‘अगं, मागे तुला चाळीस हजार दिले होते ना, ते मला आता लागणार आहेत. लग्नाची गडबड आहे, ती होऊ दे. पण त्यानंतर कधी आणि कसे देशील, ते आपण आज ठरवू या.’ एवढे बोलून थांबावे. कारणे द्यायची नाहीत, आणि मुख्य म्हणजे गप्प बसणे असह्य झाले म्हणून पुन्हा ‘नाही जमलं तरी चालेल’ असे म्हणायचे नाही. एकरकमी जमत नसेल, तर दरमहा ५,००० प्रमाणे आठ हप्ते होतात. तो पर्याय तिच्यासमोर ठेवावा.

हा फोन लग्नाच्या आठवड्यात करू नये, पण लग्न होईपर्यंत थांबूही नये. मुदतीच्या कायद्यानुसार परतीची तारीख न ठरवता दिलेल्या कर्जाच्या वसुलीचा दावा ते दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो, म्हणजे तुमच्याजवळ चारच महिने आहेत. मैत्रिणीवर दावा लावा असे मी सुचवत नाही. परंतु मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून कर्जाची लेखी कबुली दिली, की त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. म्हणून हप्ते ठरले तर साध्या कागदावर मूळ रक्कम, तारखा आणि तिची सही घ्यावी. ‘आपल्या दोघींचा गोंधळ नको’ एवढे कारण पुरे. हप्ते खात्यावरच घ्यावेत. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने देणे-घेणे आणि रोखीने फेडणे आयकर कायद्याला मान्य नाही, ही बाब घरगुती उसनवारीत बहुतेकांच्या ध्यानातच नसते.

तिने चक्क टोलवाटोलवी केली, तर भिशीचे पुढचे वर्ष सुरू करताना तिला त्यात घ्यायचे की नाही, हे ठरवायला तुम्ही मोकळ्या आहात. चालू भिशीतला तिचा नंबर मात्र तिला वेळेवर आणि पूर्ण द्यावा.