डोक्याचा सीटी स्कॅन राहू द्या, 1999 पर्यंत अर्ज केला होता का?

नाशिकमधल्या एका सरकारी ऑफिसातल्या ड्रायव्हरचा प्रश्न आलाय. नोकरीला लागले 1994 ला, सर्व्हिस बुकात जन्मतारीख 1 जून 1968, स्वतः म्हणतात जन्म 1971 चा, आणि येत्या मे अखेरीस रिटायरमेंट. आता डोक्याचा सीटी स्कॅन काढून 'वय अंदाजे 50 ते 60' असा दाखला घेतलाय, तो चालेल का, असं विचारतायत. गुरुजींनी शाळेत टाकलेल्या 1 जूनचे असे प्रश्न सिन्नर, पेठ, सुरगाणा कुठून कुठून येतात, आणि येतात कधी तर रिटायरमेंटच्या तोंडावर!

सगळं अडतं ते महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम 1981 मधल्या नियम 38 पाशी. 16 ऑगस्ट 1981 नंतर लागलेल्या माणसाचा जन्मतारीख बदलायचा अर्ज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांनंतर विचारातच घेत नाहीत. तुमची पाच वर्षं 1999 ला संपली. तेव्हा लेखी अर्ज केला होता का आणि त्याची आवक शिक्का मारलेली प्रत आहे का, एवढंच मला सांगा. प्रत नसेल तर माहितीच्या अधिकारात सर्व्हिस बुक आणि आवक रजिस्टरची नक्कल मागा. सर्व्हिस बुकावर इतकी वर्षं सह्या करताना पहिलं पान एकदाही वाचलं नाही का हो? सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये कर्नाटकातल्या नटराज यांच्या केसमध्ये सरळ सांगितलंय, पुरावा भक्कम असला तरी उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळता येतो.

स्कॅनचं म्हणाल तर कवटीच्या हाडांमधले सांधे वयाबरोबर बुजत जातात, साधारण आतल्या बाजूने आधी, आणि स्कॅनमध्ये ते दिसतंही, पण कुणाचे लवकर बुजतात, कुणाचे म्हातारपणीही उघडेच, म्हणून डॉक्टर एवढा मोठा पल्ला लिहितात. तुमचं भांडण तीन वर्षांचं, दाखला दहा वर्षांचा, आणि सरकारी हिशोबाचं 57 त्यातच बसतंय, म्हणजे तो दाखला समोरचाच वकील खुशीत वाचून दाखवेल. 2016 च्या मुकर्रब केसमध्ये, प्रश्न अल्पवयीन असण्याचा होता तरी, तिशीनंतर हाडांवरून काढलेलं वय एकट्याने धरू नका असंच सुप्रीम कोर्ट म्हणालं.

जुना अर्ज सापडलाच तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरातली, जन्माची नोंद काढा, तिला वजन आहे. मग मुंबईच्या मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येईल, पण 1999 नंतर गप्प का बसलात हे तिथेही विचारतील, स्टे मिळेलच असं मी म्हणणार नाही, आणि निकालाआधी मे उजाडेल हे धरूनच चाला.

अर्ज नसेल तर वकिलावर पैसे घालू नका. पेन्शनचे कागद अजून भरले नसतील तर या आठवड्यात भरा, त्यात 1 जून 1968 हीच तारीख लिहा, दुसरी लिहिलीत तर पेन्शनही लटकेल.