आईची सिनियर सिटीझन स्कीम मोडून बाबांचं ऑपरेशन करावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांनी तीस वर्षं अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात काढली, आता प्लुरल मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) निघालाय, सर्जननी फुफ्फुसावरचं आवरण सोलून काढायचं मोठं ऑपरेशन सांगितलंय, खर्च ९ लाख, मेडिक्लेम ३ लाखाचा, मग आईचे पोस्टातले १५ लाख मोडू का.

आत्ता मोडू नका. मी डॉक्टर नाही, पण एवढ्या पैशात पदरात काय पडणार हे बघणं माझं काम, आणि इथे ते फार कमी दिसतंय. ब्रिटनमध्ये मार्स २ नावाची चाचणी झाली, ३३५ पेशंट, निकाल २०२४ ला आले. नुसत्या केमोवाल्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट निदान एवढं जगले) २४.८ महिने आणि केमोसोबत हेच ऑपरेशन केलेल्यांचं १९.३, वर त्रासही ऑपरेशनवाल्यांनाच जास्त. तरी काही सर्जन एपिथेलिओइड (या कॅन्सरच्या पेशींचा एक प्रकार) प्रकारात निवडक पेशंटना अजून सुचवतात, म्हणून बायोप्सीच्या स्लाइड्स घेऊन परळला टाटामध्ये सेकंड ओपिनियन घ्या, प्रकार कुठला आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) बसते का ते विचारा. तिचाही खर्च लाखांतच जातो, तेव्हा पैसा हाताशी लागेल.

छातीतलं पाणी काढून, ते पुन्हा साचू नये म्हणून टाल्क पावडर टाकणं किंवा नळी बसवणं ही मात्र वेगळी गोष्ट, ते छोटं काम आहे, दम लागायचा कमी होतो, तिथे अजिबात हात आखडता घेऊ नका. फक्त मेडिक्लेममधली रूम रेंटची मर्यादा आधी बघा, महागडी रूम घेतली की बाकीच्या बिलातही कात्री लागते (हे लोकांना डिस्चार्जच्या दिवशी कळतं!).

आता आईचं. त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. पहिल्या वर्षात बंद केलं तर दिलेलं व्याजच परत कापतात, एक ते दोन वर्षांत १.५ टक्के, नंतर १ टक्का, ते एकवेळ चालेल, पण ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतात आणि घर त्यावरच चालतंय ना? ते बंद करून कसं भागणार.

आणि एक, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कायद्याने व्यावसायिक आजार आहे, म्हणजे कामामुळे झालेला, त्याची भरपाई मागता येते. कामगारांचं हेल्थ रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिराचं असेल तोवर ठेवा असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. बाबांचं सर्व्हिस सर्टिफिकेट, ईएसआयचं कार्ड, जुन्या पगाराच्या स्लिपा काढून या आठवड्यातच कामगार वकिलाला गाठा, भरपाईच्या अर्जाला मुदत असते.